मडमेसाठी हलव्याची आरास

तुम्ही पाठवलेल्या फोटोत नाताळच्या टेबलावर फुलं आणि चॉकलेटं एकत्र सजवलेली पाहिली आणि मला माझी मामी आठवली. कौतुकाने नव्हे.

मामा रत्नागिरीला सरकारी कचेरीत कारकून होते. हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती. ती मामांना मिळावी म्हणून मामीने साहेबाच्या मडमेला नाताळची आरास करून द्यायचं ठरवलं. सासूला कधी साधा गजरा न देणारी ही बाई मडमेसाठी शेगडीपुढे बसून संक्रांतीचा लाल काटेरी हलवा करू लागली. तो दोऱ्यात बांधून तिने पितळी तबकातल्या शेवंती-अबोलीवर दागिन्यांसारखा चढवला. दिसत होता सुरेख. पण निघताना सवयीने तिने त्यावर भरपूर पाणी शिंपडलं.

"मामी, साखर विरघळेल!" मी म्हटलं.

"गप गो! फुलांवर पाणी मारू नये, असं शिकवतात वाटतं तुझ्या इंग्रजी शाळेत?"

मामांच्या मांडवीतल्या घरापासून साहेबाच्या बंगल्यापर्यंत आम्ही उन्हातून चालत गेलो. इंग्रजी येतं म्हणून मलाही नेलं होतं. मामीने तबक टेबलावर ठेवताना जरा कलतं केलं, आणि लालसर पाक मडमेच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ओघळला. मडम दोनच शब्द बोलली.

"काय म्हणते गो?" मामीने हसतमुखाने विचारलं.

"हे बाहेर न्या म्हणते."

जागा दुसऱ्याला मिळाली. मामी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली, "गोऱ्यांना फुलांची पारख कुठली!" आधी लोचटपणा, आणि वर ही मिजास.