अंबाबाईच्या नावाखाली

दर महिन्याला मी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाते, हे रत्नागिरीला मांडवीतल्या आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा गेल्यावर बाई फार देवभक्त झाली म्हणे! बायका माझ्याकडे ओटीचं सामान द्यायच्या, आल्यावर कुंकू मागायच्या. देवळात मी जायचे खरी, पण आधी तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रावर. एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला. गोळ्या रत्नागिरीतही मिळतात, पण इथे केसपेपरच्या खिडकीवर आमच्या शेजारणीची सून बसते. शेजारणीच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचते. त्यापेक्षा घाटात एसटीच्या खिडकीतून उलट्या काढलेल्या परवडल्या.

आजार नवऱ्याकडून आला. तो गेला, मी राहिले. सहा वर्षांत एक गोळी चुकवली नव्हती. मुलीचं रक्त तेव्हाच तपासून घेतलं होतं, तिला काही नाही. पण तिला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

या श्रावणात घाटात दरड कोसळली, एसटी बंद. डबीत सहा गोळ्या. आणि त्याच आठवड्यात मुलीची सुपारी फुटलेली. दापोलीचं घर, दहा ठिकाणी चौकशी करून मुलगी करणारी माणसं! इथल्या खिडकीवर जायची सोय नव्हती. दुसऱ्या घाटाने फिरून जायचं तर मुक्काम पडणार, आणि घरात पाहुण्यांची ये-जा. मग मी अक्कल पाजळली. गोळी एक दिवसाआड घ्यायची, म्हणजे सहा गोळ्यांत बारा दिवस निघतात. तांदूळ पुरवून पुरवून खातात ना, तसं.

आठव्या दिवशीही रस्ता बंदच. कोल्हापूरच्या समुपदेशक मॅडमना फोन केला. मला वाटलं, शाबासकी देतील.

"अहो ताई, काय करून बसलात हे! असं अर्धवट घेतलंत तर गोळी लागू पडायची नाही. मग औषध बदलावं लागेल, गोळ्या वाढतील. आजच्या आज तिथल्या केंद्रावर जा. कार्ड दाखवा, देतील."

"मॅडम, मुलीचं लग्न तेवढं होऊ दे."

"लग्न व्हायचं तेव्हा होईल. तुम्ही आज जा."

गेले. रांगेत उभी राहिले. खिडकीतून शेजारणीची सून म्हणाली, "अगो बाय, काकी, तुम्ही? काय होतंय?" गुडघे दुखतात म्हणावं, असं ओठांवर आलं. पण मग चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरची मिळाली असती. "एआरटी," मी म्हटलं. तिचं पेन थांबलं. मग तिने मान खाली घालून वय विचारलं आणि कागद पुढे सरकवला. ती घरी बोलणार की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. गोळ्या घेतल्या आणि तिथल्याच नळावर एक गिळली.

आळीतून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, म्हणून घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. हात तसेच राहिले.

"म्हणजे आठ दिवस तू एक दिवसाआड गोळी घेत होतीस? माझ्या लग्नासाठी?"

"हो गो."

मला वाटलं, जवळ घेईल. ती ओरडलीच. "बाबा गेले, तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही. तूही अशीच न सांगता जाणार होतीस? कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी मरायला?" आणि तशाच ओल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मीही रडले. लाज वाटली मला, खूप लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळी नि पाणी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, दापोलीहून. खिडकीवरचं तिथवर पोचलं की काय, या धास्तीने हातात घेतलेला पेला मी खाली ठेवला.

"वाजू दे," ती म्हणाली. "तू आधी गीळ."