लोरिकीटची वाटी
आंबलेल्या आमरसाचा वास आला की मला पुण्याजवळच्या भुकूम गावातली भाड्याची खोली आठवते. तिथं व्हरांड्यात मी हौसेनं लोरिकीट पाळला होता. दिसायला रंगीत पोपट, पण दाणे न खाता फक्त फळं आणि पाण्यात कालवलेला गोड रस चाटणारा. व्हिडिओ पाहून मी त्यातला तज्ज्ञच झालो होतो. घरमालकीण काकूंनी एकदा त्याला भिजवलेली डाळ घातली, तर मी सुनावलं, "काकू, हा साधा पोपट नाही. पिंजऱ्याला हात लावायचा नाही." "बरं बाबा, न्हाई लावत." रस दर चार तासांनी बदलायचा असतो, हे ठाऊक असूनही मी ऐन एप्रिलात सकाळीच मोठी वाटी भरून हिंजवडीला ऑफिसात जायचो. एका संध्याकाळी परतलो, तर तो पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला. काकूंनी वाटी हुंगली. "आंबलंय की हे! असलं आमी म्हशीलाबी ठेवत न्हाई." "मग दुपारी ओतून का नाही टाकलंत?" मी त्यांच्यावरच ओरडलो. "लई वरडत व्हता. दोनदा आले व्हते जवळ," त्या खाली बघत म्हणाल्या, "पन तुमीच म्हनला व्हता न्हवं, हात लावू नगा." माझं म्हणणं कुणी इतकं तंतोतंत ऐकलं, असं आजवर तेवढंच एकदा घडलंय.