दुसऱ्या पायाची उडी

ती शिकत होती त्या सरकारी रुग्णालयात तिला सगळे ‘एक्स्प्रेस’ म्हणायचे. सकाळी दार उघडलं की रांग थेट जिन्यापर्यंत, आणि ही पोरगी दोन तासांत चाळीस गुडघे तपासून मोकळी. दुखरा गुडघा हातात घ्यायचा, दुसऱ्यापुढे ‘नॉर्मल’ लिहायचं, की पुढचा पेशंट. मागून सर ओरडायचे, “दोन्ही बाजू पाहिल्यास?” हिचं उत्तर तयार असायचं, “हो सर, झालं!” पाहायला वेळ कुणाला होता? सरांनाही ते ठाऊक होतं.

पुढे खेळाडूंच्या दुखापतींवरचे उपचार शिकायला परदेशी जाण्यासाठी तिची निवड झाली. तीन महिने, पाहुणी विद्यार्थिनी म्हणून. पाहुणीला औषध लिहायची मुभा नव्हती. पहिले दोन आठवडे ती नुसती भिंतीला टेकून बघत होती. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी तिच्या हातात टेप ठेवली. केस पिकलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, “आज तू मोज.” एक्स्प्रेसच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पेशंट होती फुटबॉलच्या संघाची गोलकीपर. गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ महिने झालेले, आणि शनिवारी सामना. चाचणी सोपी. एका पायावर लांब उडी घ्यायची, त्याच पायावर उतरायचं, अंतर मोजायचं. तीनदा ह्या पायाने, तीनदा त्या. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचला तर मैदानात, नाही तर परत व्यायामाला.

“एकशे अडतीस सेंटिमीटर! वा!” एक्स्प्रेसने तिसऱ्या उडीनंतर सगळ्यात मोठा आकडा लिहिला.

गोलकीपरने दुसरा पाय पुढे केला. “आता हा?”

“राहू दे गं, तो ठणठणीत आहे. गेल्या महिन्याचा आकडा आहे माझ्याकडे.”

दीडशे. भागाकार केला. ब्याण्णव टक्के. गोलकीपर नाचतच आत बूट बदलायला गेली.

डॉक्टरबाई आल्या, कागद पाहिला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबल्या. “दोन्ही पाय आजच मोजलेस ना?”

“हो मॅडम, झालं.”

शब्द आधी बाहेर पडले, आणि मग तिचे तिला ऐकू आले. तोवर सही झाली होती. गोलकीपरने जाताना तिला कडकडून मिठी मारली. “शनिवारी येच. गोलच्या मागे बस, माझ्या शिव्या फुकटात ऐकायला मिळतील!”

दुपारी डबा उघडला तोच आईचा फोन. “अगं, तुझा पांढऱ्या कोटातला फोटो मावशीला पाठवला. ती म्हणते, आपली पोर आता परदेशी लोकांना बरं करतेय! जेवलीस का?”

“जेवले,” ती म्हणाली आणि डबा तसाच मिटला.

घास उतरणार कसा? गेला महिनाभर गोलकीपर व्यायाम करत होती, तो काय एकाच पायाने? चांगला पायही पुढे गेला असणार. म्हणजे दीडशेचा आकडा शिळा, ब्याण्णव टक्के खोटे, आणि शनिवारी चेंडूवर झेप घेताना तो कच्चा गुडघा मुरगळला तर सगळंच पहिल्यापासून. हे तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. सकाळीही ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि दोनदा पाणी पिऊन परत आली. तिसऱ्यांदा आत शिरली ती खाली बघतच.

“मॅडम, चांगला पाय मी मोजलाच नाही. जुना आकडा लिहिला. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “फोन कर तिला,” त्या म्हणाल्या. “तूच कर.”

गोलकीपर तासाभरात आली, खांद्यावर किटची बॅग. कोचला तिने सांगून टाकलं होतं, संघाच्या यादीत नावही लागलं होतं. एक्स्प्रेसने टेपकडे हात नेला.

“तू नको,” गोलकीपर म्हणाली. “डॉक्टर मोजतील.”

चांगल्या पायाने तिने उडी घेतली. एकशे बासष्ट. कुणालाच भागाकार करावा लागला नाही, पण डॉक्टरबाईंनी केला आणि मोठ्याने सांगितला. “पंच्याऐंशी टक्के. आणखी सहा आठवडे तरी नाही.”

गोलकीपर खाली बसली. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिली. मग मान वर करून म्हणाली, “सकाळीच का नाही मोजलंस?”

“घाई...” एक्स्प्रेसच्या तोंडून निघालं. “घाई झाली.”

“घाई? सकाळी माझ्याशिवाय इथे होतं कोण?”

खरंच कुणी नव्हतं. लांबलचक खोली, रिकाम्या खुर्च्या, पुढचा पेशंट थेट दुपारी. एक्स्प्रेसला तिकडच्या रुग्णालयातला जिना आठवला. तिथे रांग तरी होती, असं ती मनात म्हणायला गेली, आणि तेही तिला पुरं म्हणवेना.

“अजून दोन उड्या राहिल्यात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “टेपचं टोक धर. आकडा मी वाचते.”

ती गुडघ्यावर बसली, टेपचं टोक रेघेवर अंगठ्याने दाबून धरलं, आणि गोलकीपर उडी घेईपर्यंत मान वर केली नाही.