सासूबाईंना सोयगावला सोडताना

महिन्यातला एक रविवार विशाखाचा. त्या दिवशी ती नवऱ्याची मोटारसायकल काढायची, मुकुंदवाडीतून जळगाव रोडला लागायची आणि ऊन कलल्यावर परत यायची. कुठं जाऊन आली हे तिनं कधी सांगितलं नाही, घरातही कुणी विचारलं नाही. बाकीचे दिवस वाळूजच्या कंपनीत. तिथं गाड्यांचे ब्रेक जुळवतात, ती लाईनची सुपरवायझर. पहिली पाळी असली की बस अंधारातच यायची. नवरा राजकुमार चाकणला कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी. मग पोराची शाळा, डबा, आठ-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी, सगळं सासूबाईंच्या, म्हणजे मुक्ताबाईंच्या अंगावर.

त्याच मुक्ताबाई गुरुवारी जेवता जेवता म्हणाल्या, "मी सोयगावला चालले. आता करुणाकडंच राहते."

करुणा त्यांची लेक. घरात भांडण नाही, तंटा नाही. विशाखाचा घास हातातच राहिला. मुक्ताबाई गेल्या की नोकरीही गेली, हे कळायला हिशेब लागत नव्हता. सुयश तिसरीत. त्याला कुणाच्या भरवशावर टाकून अंधारात बस धरायची?

शनिवारी राजकुमार आला. म्हणाला, "मी बोलू का आईला?"

"तुम्ही नका बोलू. तुम्ही बोलले की त्या अजून दोन लुगडी भरतेत."

मुक्ताबाईंना एसटी लागते. फुलंब्री यायच्या आत पिशवी तोंडाशी. त्यांनीच सांगून टाकलं, "तुह्या गाडीवर सोड. तसंबी रईवारी तू भटकायलाच जातीस."

सकाळी पिशवी टाकीवर बांधली. मुक्ताबाईंनी लुगडं वर खोचलं आणि टांग टाकून दोन्हीकडं पाय सोडून बसल्या. हेल्मेट घालताना म्हणाल्या, "हे मडकं कामून?" समोरून गोजरबाई ओरडली, "जयभीम मुक्ताबाई! सून पळवून न्यायलीय काय तुमाला?"

"तिची काय बिशाद! मीच पळायलीय."

गल्ली हसली. विशाखाला काही हसू आलं नाही.

वाटेत काय बोलायचं ते तिनं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. कामाला बाई लावते, पाण्याची मोटार बदलून घेते, तुम्ही फक्त राहा. पण गाडीवर वारा शब्द उडवून नेत होता, आणि सिल्लोडला चहाला थांबली तर फोन वाजला. विश्वजीत साहेब. सोमवारी कंपनीत मोठी पाहणी, आणि शनिवारचा माल पुन्हा तपासायचा राहिलेला.

"हो सर. उद्या पहिल्या पाळीला असते सर."

मुक्ताबाई चहा बशीत ओतत म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशीबी?"

"त्यांना सुट्टी नसती, आई."

"बायको हाय का त्याला?"

"हाय की."

"मंग सुट्टी कुनाला नसती ते त्याला कामून इचारायचं? तिला इचार."

अजिंठ्याच्या घाटात, दर वेळी जिथं थांबते तिथं विशाखानं गाडी उभी केली. रस्त्याकडेला दगडी कठडा, खाली झाडी, लांबवर फर्दापूरची घरं. ती कठड्यावर बसली. मुक्ताबाईही बसल्या, पण त्यांची नजर रस्त्यावर.

"कोन येनारंय?"

"कुणी नाय."

"मंग हितं काय करतीस?"

"बसते."

"निस्ती?"

"निस्ती. फोनला रेंज नाय हितं. थोडा वेळ बसते, मग घरी येते."

एक ट्रक धापा टाकत घाट चढून गेला. मग मुक्ताबाई म्हणाल्या, "मला वाटायचं, मैत्रिनी आसतील तुह्या. हाटेलात खात आसशील. लई राग यायचा गं. आता कळलं तू निस्ती बसतीस, तर जास्तच राग आला."

"का बरं?"

"मी कवा बसले निस्ती? सांग. तुला कंपनी सुट्टी देती. मह्या कंपनीला शटरच नाय. तू भाईर पडतीस त्या दिवशीबी तुहं पोरगं, तुहं पानी मह्याच अंगावर. भांडान काय करू? तू तरी मौज करायला थोडीच जातीस."

रात्री ठरवलेलं सगळं विशाखाच्या तोंडातच विरलं. आपला रविवार दुसऱ्या कुणाच्या तरी रविवारातून कापून काढलेला आहे, हे इतकी वर्षं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आई, कायमचं जाऊ नका. सुट्टी घ्या."

"किती?"

"पाहिजे तेवढी."

"तसं म्हनू नको. घेईन."

"घ्या."

"आन् सुयश? पानी?"

"मी बघते."

"कशी बघशील? तू तर अंधारातच जातीस."

"बघते म्हनलं ना."

मुक्ताबाईंनी तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. विश्वास बसला की नाही, काही कळू दिलं नाही. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चल. करुणा भाकरी टाकून बसली आसंल."

सोयगावला जेवणं झाली. विशाखा निघाली तेव्हा मुक्ताबाई ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या. उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "पुढच्या रईवारी ये."

"न्यायला?"

"जेवायला ये. न्यायचं मंग बघू."

गावाबाहेर आल्यावर विशाखानं गाडी कडेला घेतली आणि स्वतःहून साहेबांना फोन लावला.

"सर, उद्यापासून मी जनरल पाळीला, सकाळी नऊला येते. पहिली जमणार नाही."

"मॅडम, उद्या पाहणी आहे!"

"माहीत आहे सर. राहिलेला माल रात्रपाळीकडून तपासून घ्या. नंतरही जमेलच असं नाही. जमलं तर सांगते."

"घरी कोण आजारी आहे का?"

"नाही सर. सासूबाई सुट्टीवर आहेत."

"म्हणजे... कोण सुट्टीवर?"

"सासूबाई," विशाखा म्हणाली, आणि किक मारली.