इंगोलश्टाटच्या हॉलमध्ये मी घातलेल्या सुलट प्रदक्षिणा

आटपाट नगर होतं, पण बर्फाखाली गाडलेलं होतं. इंगोलश्टाट त्याचं नाव. नगरात राजा नव्हता, मोटारींचा कारखाना होता. तिथे माझा मुलगा श्रीकांत नोकरीला. घरात त्याची बायको मेधा, त्यांची लेक सई, आणि हिवाळ्यापुरती भारतातून आलेली, साडीवर दोन स्वेटर चढवून बसलेली एक म्हातारी. ती म्हातारी म्हणजे मी. आणि त्या म्हातारीनं भर हॉलमध्ये, शे-दीडशे जर्मनांच्या देखत जो घोळ घातला, तो आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? आठवलं तरी कान गरम होतात. पण सांगते. चहा ओतून घ्या.

आधी घराचं सांगते, कारण सगळं घरापायी झालं.

श्रीकांतचं घर म्हणजे दोन खोल्या. खाली घरमालकीण. तिचं नाक इतकं तिखट, की मी वर हिंगाची डबी उघडली तर खाली ती शिंकायची! कुकरची शिट्टी झाली की झाडूच्या दांड्यानं छताला ठोका द्यायची. तीन शिट्ट्या, तीन ठोके. मला वाटायचं, बरं झालं, शिट्ट्या मोजायला बाई मिळाली. शेवटी तिनं श्रीकांतला सांगून टाकलं, थंडी सरायच्या आत घर सोडा.

आता त्या देशात नवं घर मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड हो! पत्रिका तेवढी मागत नाहीत. पगार किती, माणसं किती, शिजवता काय, वाजवता काय... आणि सगळं ऐकून गोड हसून म्हणतात, कळवतो. मुलीचे बाप झालो होतो आम्ही. जाऊ तिथे 'कळवतो'.

मेधा तिथल्या एका पळणाऱ्यांच्या मंडळात जायची. त्यात ब्रांडल म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. बायको वारलेली, गुडघे दुखरे, पण दर हिवाळ्यात मॅरेथॉन पळायचेच असा हट्ट. त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होणार होता. चार खोल्या! आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर नुसतं शेत. फोडणीला शिंकायला चिटपाखरू नाही!

मेधानं विचारलं, तर ब्रांडल म्हणाले, "एक डॉक्टर जोडपंही मागतंय. मॅरेथॉन होऊ दे, मग सांगतो. हातात घेतलेलं पुरं करणारी माणसं मला आवडतात."

झालं! सूनबाईनं मॅरेथॉनला नाव घातलं. आधी दोनदा ती अर्ध्यातून परत आली होती, आणि ते ब्रांडलना ठाऊक होतं.

"मॅरेथॉन म्हणजे किती गं पळायचं?" मी विचारलं.

"बेचाळीस किलोमीटर, आई."

"अगं बाई! कुठल्या गावाला पोचायचं?"

"कुठेच नाही. बाहेर बर्फ आहे ना, म्हणून हॉलमध्येच. गोल गोल. दोनशेच्या वर फेरे."

"आणि मग?"

"मग काय? घरी यायचं."

मी श्रीकांतकडे पाहिलं. म्हटलं हा तरी हसेल. तर तो मान हलवून म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आता बोला!

निघताना त्यानं मला चार-चारदा बजावलं, "आई, तिथे ब्रांडलसाहेब असणार. घराचा प्रश्न आहे. तू फक्त बसायचं. काही करायचं नाही."

"मी काय करणार आहे?" मी म्हटलं. आणि खरंच सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

हॉल केवढा म्हणता! आपल्याकडच्या दोन जत्रा आत बसतील. बाहेरच्या कडेनं लाल पट्टा, त्यावर सगळी मंडळी पळतायत. बायका, पुरुष, माझ्या वयाचेसुद्धा, गुडघ्याएवढ्या चड्ड्या घालून. पायाला जे तेल लावलं होतं त्याचा वास थेट आमच्या बामाच्या बाटलीचा. पट्ट्यावर एका ठिकाणी चटई होती. तिच्यावरून कुणी गेलं की टुंई वाजायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याचं नाव झळकायचं.

आणि मध्यभागी एक टेबल. दिवस नाताळच्या आधीचे. त्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं कडं, कड्यात मेणबत्त्या लावलेल्या, आणि शेजारी चकचकीत पितळी करंडक, हुबेहूब कलशासारखा. आता तुम्हीच सांगा. मध्ये दिवे, मध्ये कलश, आणि भोवती माणसं फेरे घालतायत. मी काय समजायचं?

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, चला, यांच्यातही आहे म्हणायचं.

पण थोडा वेळ पाहिलं आणि मी श्रीकांतची बाही ओढली. अहो, सगळे उलटे फिरत होते! दिव्यांकडे डावा हात! सगळे म्हणजे सगळे, एकजात! उलटा फेरा आपल्याकडे कुठे आणि कधी घालतात ते मी इथे सांगत नाही, चहा कडू होईल तुमचा.

"अरे श्रीकांत, हे उलटे का फिरतायत?"

"आई, असंच असतं. जगभर."

"कुणी सांगितलं नाही का यांना?"

"आई, मी सईला ब्रेत्झेल, तो खारा पाव, घेऊन येतो. तू बस." आणि तो सईला घेऊन गेला.

मी बसले. मेधा समोरून गेली. चेहरा लाल, ओठ कोरडे. पुढच्या फेऱ्याला आणखी लाल. त्याच्या पुढच्या फेऱ्याला ती पळत नव्हती, पाय ओढत होती. मला कळलं, ही आता तिसऱ्यांदा सोडणार. घर गेलं! चार खोल्या गेल्या, खिडकी गेली! आणि का नाही जाणार? एवढे उलटे फेरे घातल्यावर दुसरं होणार काय?

तेवढ्यात एक उंच, हडकुळे आजोबा पट्ट्यावरून बाजूला झाले आणि माझ्या शेजारी धपकन बसले. गुडघा धरून काहीतरी पुटपुटले, शिव्याच असणार, शिवी कुठल्याही भाषेत कळते. मग त्यांनी घोट्याचा एक काळा पट्टा सोडला. त्यात काळा मणी होता, चपटा. तो त्यांनी माझ्या हातात दिला, टेबलाकडे बोट केलं, आणि पिशवीतून केळं काढून भिंतीकडे तोंड करून खायला लागले.

आता हो? एक दमलेला, दुःखी म्हातारा आपल्या अंगावरचा काळा मणी सोडून माझ्या हातात देतो आणि दिव्यांकडे बोट करतो. मला वाटलं, ताईत आहे, साकडं घालायला सांगतोय! मी तो कपाळाला लावला आणि मनगटाला बांधला.

आणि उठले. बूट काढले, प्रदक्षिणा काय बुटात घालायची? लोकरी मोजे तेवढे ठेवले. पदर खोचला, हात जोडले, मनात म्हटलं, "बाबा रे, तू कुणीही अस. यांचं उलटं मी सुलट करते. पाच घालते. सुनेला पुरं करू दे, घर मिळू दे." आणि टेबलाकडे उजवा हात करून निघाले. अगदी आतल्या कडेनं.

समोरून जर्मनी आली!

एक जण आला, मला पाहून डोळे मोठे केले, हात वर करून "आख्तुंग!" ओरडला आणि बाजूनं गेला. मला वाटलं, रामराम केला. मी म्हटलं, "सुखी राहा." मागून दुसरा. "आख्तुंग!" "सुखी राहा, बाबा." तिघी बायका आल्या, दोघी इकडून गेल्या, एक तिकडून. तिघींना आशीर्वाद. काय नम्र माणसं! एकेक जण वाट देत होता. माझ्या गावात मला इतकी वाट कुणी दिली नाही. आख्तुंग म्हणजे 'सांभाळा', हे मला घरी गेल्यावर कळलं.

टेबलापाशी गळ्यात शिट्टी अडकवून एक पंच बसला होता, तो उभा राहिला. त्याला पट्ट्यावर पाय ठेवायची मनाई असावी, कारण तो आतल्या बाजूनं माझ्या जोडीनं चालायला लागला, शिट्टी फुंकत, हातवारे करत. मला वाटलं, पुजारी सोबतीला आला! मीही मान हलवली. गंमत बघा, तोही माझ्याबरोबर सुलटाच चालला होता. एक तरी सुधारला म्हटलं.

आणि दर फेऱ्याला, चटईवरून गेले की, टुंई!

दुसऱ्या फेऱ्याला मेधा समोर आली. ती थांबलीच. "अहो आई! काय करताय? बाजूला व्हा!"

"तू पळ गं! मी बघते इकडचं!"

"आई, लोक पडतील! अहो, ब्रांडलसाहेब बघत असतील!"

"बघू देत! तू थांबू नकोस!"

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ना! आणि जी सुटली, जी सुटली! सासूवरचा राग पायांत उतरला की सूनबाई कुणाच्या बापाला आवरत नाही, एवढं तरी मी बेचाळीस किलोमीटरविषयी शिकले.

इकडे भोंग्यातून काहीतरी घोषणा झाली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. "हेल्मुट! हेल्मुट!" मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. मीही म्हटलं, "हेल्मुट, हेल्मुट." हात जोडलेलेच होते.

तिसरा फेरा पुरा झाला आणि चौथ्याच्या अर्ध्यात श्रीकांतनं मला धरलं. एका हातात ब्रेत्झेल, दुसऱ्या हातात माझा दंड. बाजूला सई, कपाळावर हात मारत, "नाइन, आजी! फाल्श!" चूक, चूक! सात वर्षांची पोर, पण दिशेच्या बाबतीत पक्की जर्मन.

"आई, हे मनगटाला काय बांधलंयस?"

"ताईत. त्या आजोबांनी दिला."

श्रीकांतनं आजोबांकडे पाहिलं आणि त्याच्या हातातलं ब्रेत्झेल खाली पडलं.

"आई, ते ब्रांडलसाहेब आहेत."

"अगं बाई! ते? मग हे हेल्मुट कोण?"

"तेच! हेल्मुट ब्रांडल! आणि ती त्यांची चिप आहे. फेरे मोजायची! त्यांनी मॅरेथॉन सोडली होती, टेबलावर नेऊन दे म्हणाले असतील. आणि तू ती बांधून फिरलीस. पडद्यावर त्यांचं नाव पुन्हा आलं. लोकांना वाटलं, ते पुन्हा पळायला लागले!"

मी वळून पाहिलं. ब्रांडल अर्धं केळं हातात धरून पडद्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बघत होते. त्यांची मित्रमंडळी "हेल्मुट!" ओरडत होती, आणि हेल्मुट भिंतीशी बसलेला! मग एकेकाला तो दिसला. टाळ्या हळूहळू थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघतायत.

माझ्या अंगातली थंडी पळाली. घर गेलं, आता चांगलं गेलं, डॉक्टरांच्या घरी गेलं!

ब्रांडल उठले. लंगडत माझ्यापर्यंत आले. माझ्या मनगटावरचा पट्टा सोडला. चेहरा असा, की आमच्या गावचा तलाठी बरा. त्यांनी पट्टा घोट्याला बांधला, आणि पळायला लागले.

हॉल कोसळायचाच बाकी राहिला!

पण थांबा, संपलं नाही. टेबलापाशी सभा भरली. माझ्या तीन फेऱ्यांचं करायचं काय? श्रीकांत मला एकेक वाक्य सांगत होता. एक म्हणे, ते फेरे ब्रांडलचे धरू नयेत. दुसरा म्हणे, न धरून कसं चालेल, ते उलट दिशेनं घातलेत, म्हणजे वजा झाले पाहिजेत. तिसरा म्हणे, पण पाय कुणाचे होते? अर्धा तास! तेवढ्यात ब्रांडल बाजूनं पळत जाता जाता स्वतःच ओरडले, "वजा! तीन वजा!" स्वतःला तीन फेरे जास्त लावून घेतले हो त्या माणसानं! सभा एकमतानं उठली.

आणि मी? माझे नवसाचे दीड-दोन फेरे राहिले होते ना. श्रीकांतची नजर चुकवून मी जागच्या जागी गिरक्या घेऊन ते पुरे केले. ते चालतं.

मेधा पुरी पळाली. पडली नाही, सोडली नाही. आणि तिचं संपलं तेव्हा ब्रांडलचे तेवढे तीन दंडाचे फेरे उरले होते. हॉल जवळजवळ रिकामा. तर ही पोर परत पट्ट्यावर गेली आणि त्यांच्या शेजारून चालत राहिली. दोघं लंगडत, लंगडत, शेवटची टुंई वाजेपर्यंत.

मग ब्रांडल माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घामानं निथळत काहीतरी लांबलचक बोलले. मी श्रीकांतकडे पाहिलं. त्याचा चेहरा रडका का हसरा, कळेना.

"काय म्हणतायत रे? पोलीस?"

"म्हणतायत, मी एकदा रागानं बसलो की मला उठवणं फक्त माझ्या बायकोला जमायचं. तुझी आई वरच्या मजल्यावर असली तर माझ्या गुडघ्यांची दुखायची हिंमत होणार नाही. आल्झो, तर मग... चाव्या कधी नेताय?"

थंडी सरायच्या आत आम्ही त्या चार खोल्यांत राहायला गेलो. पहिल्या दिवशी मी खिडकी उघडून अशी सणसणीत फोडणी दिली! खालून ठोका नाही आला. ब्रांडल आले, ताटली घेऊन.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेले होते. मेधा आणि ब्रांडल दोघं पळणार होते, म्हटलं बघून येऊ. श्रीकांत म्हणाला, नको. मी म्हटलं, का नको? गेलो. तर हॉलच्या दारातच नवी कोरी पाटी. लाल गोल, त्यात आडवी रेघ, जशी कुत्र्यांना मनाई असते तशी. आणि गोलाच्या आत कुत्रं नव्हतं. साडी नेसलेली, स्वेटर घातलेली, हात जोडून चाललेली एक बाई होती. पायांत मोजेसुद्धा बरोबर रंगवले होते.

मला मराठीच अक्षरं जुळवत वाचावी लागतात, जर्मन कुठून येणार? अख्ख्या जर्मनीत मला एका दमात वाचता आली अशी एकच पाटी निघाली, आणि ती माझीच!