सोर्सचा रकाना

"मॅडम, सोर्सच्या रकान्यात मुलीचं नाव टाका आणि केस बंद करा. संध्याकाळचा रिपोर्ट अडकलाय."

तालुका आरोग्य अधिकारी, म्हणजे आमच्या सरांना घाई होती, त्यात त्यांची चूक नव्हती. कोविडच्या पहिल्या वर्षी मी मुळशी तालुक्यात आरोग्य खात्यात आकड्यांचं काम बघत होते. कुठल्या गावात आज किती नवे रुग्ण, किती बरे झाले, किती गेले, हे जुळवून रोज वर पाठवायचं. त्यातलं मोजणं सोपं. प्रत्येक रुग्णापुढे मात्र एक रकाना असे, सोर्स. म्हणजे याला आजार कुणाकडून लागला. ते कळलं की त्या माणसाच्या सहवासात आलेले बाकीचे लोक शोधता येतात. रकाना त्यासाठी होता. गावात त्याचा अर्थ एवढाच उरला होता, की कुणी आणला?

माले गावचे किसनराव पुण्याच्या एका हॉस्पिटलात वारले. भाताची बेताची शेती असलेला माणूस. घरच्यांची तपासणी केली, तर बायको हौसाबाई निगेटिव्ह आणि मुलगी अश्विनी पॉझिटिव्ह. अश्विनी नवऱ्याबरोबर पुण्याला लागूनच्या मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मारुंजीत तेव्हा सोसायट्यांमागून सोसायट्या पॉझिटिव्ह निघत होत्या. शहरातून लेक आली आणि बाप गेला. एवढं सरळ असताना कोण विचार करत बसतो? गावातल्या बायका तर उघड बोलत होत्या, "लेक आली न् बापाला घिऊन गेली."

दिवस भरत आलेली ती पोर कोविड सेंटरच्या कॉटवर एकटी होती. माहिती घ्यायला मी फोन केला, तेव्हा तिनंच मला विचारलं, "मॅडम, माझ्यामुळेच ना?"

"अजून माहीत नाही," मी म्हटलं. ही समजूत नव्हती, मला खरोखर माहीत नव्हतं. किसनरावांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना बोलायलाही दम पुरत नव्हता. या आजारात माणूस तिथवर पोचायला बहुतेक वेळा आठवडाभर तरी जातो. आणि अश्विनीला येऊनच तोवर जेमतेम तेवढे दिवस झाले होते; लागण होऊन ताप यायला जे चार-पाच दिवस जातात, ते त्यात बसतच नव्हते. मला ते जुळेना.

"एक दिवस द्या, सर."

"एका रकान्यासाठी?"

"त्या पोरीला ते जन्मभर ऐकावं लागेल."

सर कपाळावर आठ्या घालून म्हणाले, "गाडी नाही मिळायची." मी माझ्या स्कूटरवरून मालेला गेले.

गावच्या आशा सेविका सुनीताताई मला घरापर्यंत घेऊन गेल्या. आम्ही दोघी अंगणात लांब उभ्या राहिलो, हौसाबाई ओट्यावर बसल्या. दुखणं कधी सुरू झालं म्हणून विचारलं, तर उत्तर तयार होतं.

"त्यास्नी काय बी न्हवतं. पोर आली न् मग समदं झालं."

इतकं गुळगुळीत उत्तर आलं की मला शंका येते. खऱ्या आठवणीत माणूस अडखळतो. तारीख विचारून उपयोग नव्हता, म्हणून मी कामाचं विचारलं.

"अश्विनी आली त्या दिवशी कुणाची भातलावणी होती?"

"सहादूची."

"आणि तुमची?"

"आदल्या दिशी झाली."

"सहादूकडे किसनराव गेले होते?"

"न्हाई, घरीच व्हते. लेक यायची व्हती म्हून."

माझं सासरही भाताच्याच गावचं, म्हणून मला हे खटकलं. या भागात भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात, म्हणजे भाताच्या शेतात, लावायचं, उद्या तुझ्या. यात मजुरी नसते, शब्द असतो. आपलं खाचर लावून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसला, तर गावात त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. लेक यायची आहे ही सबब तिथं चालत नाही.

"म्हणजे किसनरावांनी सावड मोडली?" मी विचारलं.

हौसाबाई ताडकन उठल्या. "मोडली न्हाई! जलमात कदी सावड मोडली न्हाई त्यांनी. उठताच येत न्हवतं त्यास्नी! आमच्या लावणीला बी तापानं फणफणल्यालं, तरी मान्सांस्नी जेवाय वाढत व्हते..."

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या पुन्हा ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू बाई? तुमी समद्यांस्नी घरात कोंडलं आस्तं. तिकडं रोप वाढून गेलं, तर वरीसभर काय खायाचं त्यांनी? आमची लावणी करून गेल्याली मान्सं ती."

"आणि अश्विनी? तिच्यावर आळ आलाय."

"ती आपली हाय. ती सोशील."

मला राग आला. बापाच्या मरणाचा ठपका पोटुशा पोरीच्या माथी, तोही आईनं मारलेला. पण तो ओटा, ती एकटी बाई आणि समोरचं हिरवं खाचर बघून तो राग कुणावर काढायचा ते मला कळेना.

सावडीतल्या सगळ्यांची तपासणी झाली. त्यात काही जण पॉझिटिव्ह निघाले. सहादूच्या आईचा ऑक्सिजन कमी झालेला होता आणि म्हातारीला त्याची कल्पनाही नव्हती. तिला वेळेत दाखल केलं, ती बरी होऊन घरी आली. काही खाचरांची लावणी मात्र लांबली आणि त्यांचं पीक धड आलं नाही. ते लोक पुढे बरेच दिवस मला ओळख देत नव्हते. मी काही त्यांना दोष देत नाही.

किसनरावांच्या नावापुढे मी 'अज्ञात' लिहिलं. त्यांना कुणाकडून लागला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अश्विनीपुढे लिहिलं, 'वडील'. हौसाबाईंना फोनवर तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजी त्यांनी लेकीला दिला, आसं लिवलं व्हय तुमी?" ठपका पुसायला गेले होते आणि तो मेलेल्या माणसाच्या नावावर चढवून आले होते. हा आजार आहे, गुन्हा नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांना ते कितपत पटलं, देव जाणे.

मग अश्विनीला फोन केला. "तू यायच्या आधीपासून तुझे वडील आजारी होते. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

आधीपासून म्हणजे कधीपासून, ते तिनं विचारून घेतलं.

"म्हणजे मलाच बाबांकडून लागला?"

"बहुतेक."

ती रडत होती. रडतारडताच म्हणाली, "मग असू दे, मॅडम. माहेरचंच आहे."

महिन्याभरानं तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

मालेहून परतले त्या संध्याकाळीच मी रिपोर्ट पाठवला होता. तालुक्यातल्या मृत्यूंचा आकडा होता तेवढाच होता, त्यामुळे वरून कुणी काही विचारलं नाही. आकडा जुळला की वरचे प्रश्न थांबतात. त्यानंतरचे आपले आपण विचारायचे असतात.