सेकंड इयर सोडलेला एल्डर

किस्से जमवायला फार काही करावं लागत नाही, फक्त अनोळखी लोकांची दारं वाजवावी लागतात. दिवसाला चाळीसएक दारं, अशी दोन वर्षं! निम्मी उघडतच नाहीत, उरलेल्यातली बरीचशी तोंडावर बंद होतात, आणि तरीही किस्से इतके साठतात की आता चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "शेलार, तुझं एखादं दार होऊन जाऊ दे!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मॉर्मन मिशनरी होतो, म्हणजे एका अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा धर्मप्रचारक. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी आणि जोडीजोडीने फिरणारी ती पोरं असतात ना, त्यातला एक. पाटीवर लिहिलेलं 'एल्डर शेलार'. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं एकोणीस, मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती!

नियम भरपूर. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. चहा-कॉफी नाही, सिनेमा नाही. घरी ईमेल आठवड्यातून एकदा आणि फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला.

आता मूळ भानगड. पुण्यात मी बास्केटबॉल खेळायला म्हणून ज्या पोरांबरोबर जायचो, त्यांच्या चर्चमध्येही जायला लागलो आणि तिथलाच झालो. आई शाळेत गणित शिकवायची. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. "देव्हाऱ्यात आधीच अकरा आहेत, तुझा बारावा," म्हणाली. पण मिशनसाठी मी इंजिनिअरिंगचं सेकंड इयर अर्धवट सोडलं आणि तिने माझ्याशी बोलणंच बंद केलं. धर्म बदलला ते चाललं, ॲडमिशन सोडली ते नाही! ईमेल बाबा लिहायचे. आईचा एक शब्दही त्यात नसायचा.

*

मला पाठवलं कॅनडातल्या कॅल्गरीला. २००७ चा ऑक्टोबर. मिशन प्रेसिडेंट म्हणजे आमचे साहेब, स्वभावाने अतिशय चांगले. फाइल बघून म्हणाले, "इंडिया! वंडरफुल. तुला शहराच्या नॉर्थ-ईस्टला टाकतो, तिकडे सगळे तुझेच लोक आहेत."

माझेच लोक म्हणजे पंजाबी. मला पंजाबी येत नाही हे सांगायचा मी प्रयत्न केला, पण साहेबांचा विश्वास फार दांडगा!

पहिल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्या अंकलनी आम्हाला आत बसवलं. मी मोडक्या हिंदीत अर्धा तास बोललो. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं. मला वाटलं, पहिल्याच घरात काम फत्ते!

"बेटा, दिन में कितने घंटे काम करते हो?"

"बारा."

"छुट्टी?"

"हफ़्ते में आधा दिन."

"घर फ़ोन?"

"साल में दो बार."

अंकल उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "कल से मेरे यहाँ आ जा. ऐसा ड्राइवर मैं बीस साल से ढूँढ रहा हूँ!"

*

माझा जोडीदार होता एल्डर फिनाऊ. टोंगा नावाच्या बेटाचा. सहा फूट तीन इंच उंची, दारातून आडवा होऊन आत शिरायचा. त्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, मीही नव्हता. आमच्या दोघांच्या अनुभवाची बेरीज शून्य, आणि बाहेर उणे अठ्ठावीस!

बर्फात दारं वाजवून कुणी उघडत नाही, म्हणून आम्ही युक्ती काढली. आधी ड्राइव्हवे शोव्हल करायचा, म्हणजे घरापुढच्या वाटेवरचा बर्फ फावड्याने उपसायचा, फुकट, आणि मग दार वाजवायचं. एका गोऱ्या आजीबाईंनी खिडकीतून फिनाऊचं काम बघितलं. तो फावडं मारायचा तेव्हा बर्फ शेजारच्या गल्लीत पडायचा. आजीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "धर्म नको. पण गुरुवारी परत या."

पंधरा दिवसांत त्या गल्लीतल्या नऊ दारांवर चिठ्ठ्या. "एल्डर्स, प्लीज शोव्हल. थँक्स." एका चिठ्ठीत तर 'कडेने नीट' अशी सूचना!

किती जणांना धर्मात आणलं याचा दर आठवड्याला वर रिपोर्ट द्यावा लागे. मी प्रामाणिकपणे लिहिलं, "ड्राइव्हवे नऊ. बाप्तिस्मे शून्य." साहेबांचं उत्तर आलं, "पेरत राहा." बर्फात काय पेरायचं ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

*

ख्रिसमसला पहिला फोन. मी तीन दिवस आधीपासून आईशी काय बोलायचं त्याची मनात उजळणी करत होतो. फोन बाबांनी उचलला.

"थंडी आहे का रे?"

"आहे."

"किती?"

"उणे वीस."

"अरे वा. आई बाथरूममध्ये आहे."

दहा मिनिटांनी विचारलं, तरी आई बाथरूममध्ये. वीस मिनिटांनीही तिथेच. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, म्हणजे कुकरही बाथरूममध्येच असावा! नेमून दिलेली चाळीस मिनिटं संपली. मी फोन ठेवला. मला आईचा आवाज हवा होता, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. फिनाऊने काहीही न विचारता त्याच्या वाटणीचा केक माझ्यापुढे सरकवला.

*

जानेवारीत एक दार उघडलं आणि आतून फोडणीचा वास आला. सावंतकाकू! पाटीवरचं 'शेलार' वाचलं आणि त्या ओरडल्याच, "अय्या, मराठी! आत ये, आत ये, गोठशील मेल्या!"

पण आत जाता येईना. आणखी एक नियम होता. घरात बाई एकटी असेल तर आत जायचं नाही, कुणीतरी मोठा पुरुषमाणूस हवा. सावंतकाका तेलाच्या खाणीवर कामाला, तीन आठवडे दूर उत्तरेला फोर्ट मॅकमरीला आणि एक आठवडा घरी. मी पायरीवर उभा राहून हे सगळं समजावलं. दातावर दात आपटत होते.

"म्हणजे मी तुला खाऊन टाकीन की काय?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "बरं, पुरुष हवा ना? थांब!"

स्नोबूट चढवून त्या शेजारच्या घरी गेल्या आणि पाच मिनिटांत एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आल्या. शेजाऱ्यांचे वडील, आप्पा. वय चौऱ्याऐंशी, साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेले, कानटोपी घातलेले. त्यांना सोफ्यावर बसवून काकू म्हणाल्या, "हा घे पुरुष. चहा टाकू?"

"काकू, चहा आम्हाला चालत नाही."

"डायबिटीस?"

"नाही, धर्मात नाही."

काकू ओट्यापाशी थबकल्या. "आणि हा धर्म तू आपणहून घेतलास?"

*

आप्पांना मग दर बुधवारी उधार आणायचा प्रघातच पडला. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत, आप्पा दिवसभर खिडकीत. आमचं म्हणणं संपूर्ण शहरात मनापासून ऐकणारे ते एकटेच. मी आमच्या धर्माच्या संस्थापकाची गोष्ट सांगायचो आणि आप्पा कानामागे हात धरून, "बरं, मग? पुढे काय झालं?"

मी हुरळून गेलो. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'एक गृहस्थ अत्यंत उत्सुक.' साहेबांनी स्वतः फोन केला. एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या गृहस्थांची प्रगती कुठवर आली?"

"साताऱ्यापर्यंत," मी म्हणालो. आप्पांचा व्हिसा संपला होता.

*

पण सावंतकाकूंनी पहिल्याच दिवशी एक काम करून ठेवलं होतं. "कुणाचा रे तू?" असं त्यांनी सहज विचारलं, मी सांगितलं. पुण्यातलं उपनगर, आईची शाळा, बस्स. काकूंची मावसबहीण त्याच शाळेत शिपाईणबाईंच्या... जाऊ दे, मला ते नातं अजून कळलेलं नाही. तीन दिवसांत आई आणि सावंतकाकू फोनवर बोलत होत्या!

माझ्याशी न बोलणारी आई कॅल्गरीशी बोलायला लागली. काकूंकडून एकेकाचे नंबर घेत घेत तिने गावातली मराठी घरं गाठली. आम्ही दार वाजवायच्या आधीच आमची कीर्ती पोचलेली असायची. एकदा दार उघडणाऱ्या बाईंनी मला बघून आतल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, ते सेकंड इयर आलंय!"

त्या घरातले वैद्यकाका तेलकंपनीत मोठे इंजिनिअर. त्यांनी आम्हाला आदराने बसवलं. "मी तुमचं पाऊण तास ऐकणार," ते म्हणाले. आम्ही खूश! पाऊण तास त्यांनी खरंच ऐकलं, मध्ये जांभईसुद्धा दिली नाही. मग घड्याळ बघितलं आणि आतून एक जाडजूड पुस्तक आणलं. थर्मोडायनॅमिक्स!

"आता पाऊण तास तुम्ही माझं ऐकणार."

"काका, आम्हाला पुढे जायचंय..."

"तुझ्या आईला शब्द दिलाय," काका म्हणाले आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

 बाहेर पडल्यावर फिनाऊ म्हणाला, "एल्डर शेलार, मला वाटतं तो आपल्यापेक्षा चांगलं समजावतो."

प्रत्येक घरात हेच. जेवण भरपूर, धर्माचं एक अक्षर नाही, आणि निघताना दारात, "ॲडमिशनचं काय ठरवलंयस?" मी चिडायचो. पण खरं सांगतो, आईने लावलेली ती हजेरी मला मनातून हवीहवीशीही वाटायची. तिला कुठेतरी माझी चौकशी करावीशी वाटत होती, एवढं तरी त्यातून कळायचं.

*

मग मे महिना आला आणि मदर्स डे. बाहेर बर्फ पडत होता, कॅल्गरीत मे महिन्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. फोन सावंतकाकूंकडून करायचं ठरलं. त्या आठवड्यात काका घरी होते, त्यामुळे उधारीचा पुरुष लागला नाही.

आधी फिनाऊने टोंगाला फोन लावला. तिकडून घरातली झाडून सगळी माणसं बोलली, रडली, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. मग फोन माझ्या हातात आला. आता पुढचा फोन थेट ख्रिसमसला. आई आजही आली नाही तर आणखी सात महिने. मी नंबर दाबला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"जेवलास?"

आई! काकूंनी टीव्ही बंद केला आणि काकांना ओढून स्वयंपाकघरात नेलं. फिनाऊला नियमाप्रमाणे हलता येत नव्हतं, म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"आई, अजून रागावली आहेस?"

"आहेच. पण ऐक. एप्रिलमध्ये भर दुपारी दारात दोन पोरं आली. गळ्यात टाय, खिशावर तुझ्यासारखीच पाटी. घामाने नुसती निथळत होती. एक बंगलोरचा, एक राजमुंद्रीचा."

"मग?"

"मग काय! उन्हात उभं करू? तुझे बाबा घरात होते म्हणून आत आले. चहा पीत नाहीत हे मला ठाऊक होतं, पन्हं दिलं. राजमुंद्रीच्या पोराने तीन ग्लास घेतले. त्याची आई म्हणे त्याच्याशी बोलत नाही."

"परत आले ते?" मी विचारलं.

"दर गुरुवारी बोलावते. भात जास्त लावायचे, पोळी त्याला जमत नाही."

"आई, तू ऐकतेस त्यांचं?"

"सगळं ऐकते. वहीत लिहूनसुद्धा घेते. त्यांचं झालं की मी माझं सांगते."

"तुझं म्हणजे?"

"परवा गेला तो मिशन सोडून राजमुंद्रीला परत. इंजिनिअरिंगचं सेकंड इयर राहिलं होतं त्याचं. फॉर्म इथेच बसून भरला, माझ्या डायनिंग टेबलवर. घरी आईला फोनही इथूनच लावून दिला."

फोनमध्ये मागे बाबा खोकले.

"बरं, तुझे किती झाले रे आतापर्यंत?" आईने विचारलं.

"एकही नाही."

"माझा एक झाला," आई म्हणाली.